वेदना आणि विद्या : संशोधनातील रुग्णाचे स्थान



ज्या शाळेच्या ओसरीवर आईचा पदर धरून मी पहिल्या दिवशी रडत उभा होतो, त्याच शाळेच्या सभागृहात आज स्मृतिव्याख्यान देण्यासाठी उभा आहे. हा बहुमान दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. वैद्यकीय संशोधनासारख्या विषयावर एका मराठीच्या प्राध्यापकाने बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैद्यकाचा माणूस नव्हे. माझे आयुष्य शब्दांच्या संगतीत गेले. तरीही हा विषय मी का निवडला, हे सांगण्यासाठी मला प्रथम ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या मोठ्या सरांच्या वर्गात जावे लागेल.

मोठे सर आम्हांला विज्ञान शिकवीत. पटांगणात त्यांनी सहा फुटांची एक काठी रोवली होती आणि भर माध्यान्ही तिची सावली मोजून वहीत टिपण्याचे काम आळीपाळीने आम्हां मुलांकडे असे. सावली उत्तरेला पडते, हे आम्हांला पाठ होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळा नुकतीच उघडली होती. ढगांतून घटकाभर ऊन पडले आणि आमच्या वर्गातील एका अबोल मुलाने वहीत लिहिले : ‘आज सावली दक्षिणेला, बोटभर.’ सारा वर्ग हसला. कोणी तरी खोडरबरही पुढे केले. सर मात्र म्हणाले, “खोडू नकोस. तू पाहिलेस ना? मग राहू दे.” दुसऱ्या दिवशी ते स्वतः माध्यान्ही काठीपाशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी आम्हांला समजावून दिले, की आपले इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनच्या अयनदिनाच्या आगेमागे थोडे दिवस सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि त्या थोड्या दिवसांत माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. त्या मुलाचे टिपण बरोबर होते. आमचे पाठांतर अपुरे होते.

ज्याने पाहिले त्याचे टिपण तपासल्याशिवाय खोडू नये, हा धडा मोठ्या सरांनी दिला. आजचे माझे व्याख्यान त्या एका धड्याचाच विस्तार आहे. आजार ज्याच्या शरीरात घडतो तो रुग्ण रोज काही तरी पाहत असतो. त्याचे टिपण संशोधनाच्या वहीत कोठे लिहिले जाते? की ते आधीच खोडलेले असते?

भाषेचा विद्यार्थी म्हणून दोन शब्दांकडे आपले लक्ष वेधतो. ‘रुग्ण’ हा शब्द ‘रुज्’ या धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ मोडलेला, भंगलेला. ‘वेदना’ हा शब्द मात्र ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. वेद, विद्या, विद्वान हे त्याच घरातले, आणि ‘वैद्य’ही त्याच गोत्रातला. ज्याला आपण मोडलेला म्हणतो त्याच्यापाशी वेदना आहे, म्हणजे एक प्रकारचे जाणणे आहे, असे आपली भाषाच सुचविते. वैद्याची विद्या आणि रुग्णाची वेदना ही एका धातूची दोन रूपे एकमेकांना ओळखत नाहीत, तेव्हा काय होते हे मी माझ्या घरात पाहिले.

माझ्या पत्नीला पन्नाशीच्या आतच सांधे सुजविणारा संधिवात जडला. १९९७च्या सुमारास एका रुग्णालयात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि तिला तीत घेण्यात आले. संमतिपत्र इंग्रजीत होते, आठ-दहा पानांचे. तिने सही केली आणि साक्षीदार म्हणून मी केली. मराठीचा डॉक्टरेट मिळविलेला प्राध्यापक मी. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘अर्थ कळल्याशिवाय ओळ सोडू नका’ असे सांगत आलो, आणि स्वतःच्या पत्नीच्या देहाविषयीचा तो दस्तऐवज न वाचताच मी त्यावर सही केली. ही चूक माझी होती आणि ती मी आजवर चारचौघांत कधी बोललो नव्हतो.

दर पंधरा दिवसांनी आम्ही जात असू. सुजलेले सांधे मोजले जात, दुखणारे सांधे मोजले जात, रक्त घेतले जाई आणि एका आडव्या रेघेवर ‘किती दुखते’ याची खूण करावयास सांगत. एकदा ती तेथील तरुण डॉक्टरांना म्हणाली, “दुखणे मी सोसते हो. पण हा शिणवटा सोसवत नाही. सकाळी उठते तेव्हा अंगातला सगळा जोर कुणी तरी रात्रीच काढून नेलेला असतो. झोपून जात नाही, बसून जात नाही.” तो मुलगा स्वभावाने चांगला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि ओशाळून म्हणाला, “काकू, आमच्या कागदात याला रकानाच नाही.”

चाचणी संपली. औषध उपयोगी ठरले की निरुपयोगी, तिला दिलेली गोळी खरी होती की नुसती तशी दिसणारी, हे आम्हांला कोणी कळविले नाही. आम्हीही विचारले नाही. २०११ साली ती गेली. तिचे कपाट आवरताना मला एक शंभर पानी वही सापडली. दर दिवसाची तारीख आणि पुढे एक-दोन शब्द : ठणका, कसकस, चमक, मुंग्या, हुळहुळ, ताठरपणा, कणकण, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर ‘शिणवटा’. रकाना नव्हता म्हणून तिने स्वतःच आखून घेतला होता. तो वाचणारा मात्र कोणी नव्हता.

त्या वहीने मला या विषयाकडे वळविले. मी वाचू लागलो आणि मला जे सापडले त्याने मी एकाच वेळी सुखावलो आणि दुखावलो. संधिवाताच्या चाचण्यांत नेमके काय मोजावे, हे ठरविण्यासाठी संशोधकांचा ‘ओमेरॅक्ट’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय गट १९९२ पासून काम करीत आहे. सुजलेले सांधे, दुखणारे सांधे, वेदना, हालचालींतील अडचण, रक्तातील दाहाची खूण अशी यादी त्या दशकात ठरली होती. त्यात थकव्याला स्थान नव्हते. २००२ साली ऑस्ट्रेलियात भरलेल्या बैठकीस या गटाने प्रथमच संधिवाताच्या काही रुग्णांना चर्चेत भाग घेण्यासाठी बोलावले. त्या रुग्णांनी जे सांगितले त्यात थकवा ठळकपणे पुढे आला. साध्या दमण्याहून तो निराळा आहे आणि वेदनेइतकाच आयुष्य व्यापणारा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील चार-पाच वर्षांत त्यावर अभ्यास झाला आणि संधिवाताच्या चाचण्यांत जेथे शक्य असेल तेथे थकवाही मोजावा, अशी शिफारस झाली. म्हणजे जगभरच्या तज्ज्ञांना जे सापडले नव्हते ते रुग्णांना बैठकीत खुर्ची दिल्याबरोबर समोर आले. इंदूरच्या एका घरात शंभर पानी वहीत ते आधीच लिहिलेले होते. माझी पत्नी विदुषी होती म्हणून नव्हे; ती आजारी होती म्हणून तिला ते ठाऊक होते.

श्रोतेहो, भागीदारी या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट होतो. रुग्णाने सूक्ष्मदर्शकात पाहावे किंवा आकडेमोड करावी, अशी कोणाची अपेक्षा नाही. कोणता प्रश्न सोडवावयाचा, उत्तर कशाने मोजावयाचे आणि निष्कर्ष कोणाला सांगावयाचा, या तीन ठिकाणी त्याचा शब्द असावा, एवढेच म्हणणे आहे.

पहिल्या ठिकाणचे एक उदाहरण देतो. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील एका अभ्यासाचा वृत्तान्त आला. गुडघे झिजण्याच्या विकारावर जे संशोधन झाले होते ते आणि त्या रुग्णांना ज्या प्रश्नांची उत्तरे हवी होती ते, यांची तुलना त्यात होती. संशोधनाचा फार मोठा भाग औषधांवर होता. रुग्णांना मात्र शस्त्रक्रिया केव्हा करावी, व्यायामाने काय साधते, स्वतःची काळजी कशी घ्यावी हे जाणून घ्यावयाचे होते. या विसंगतीवर उपाय म्हणून २००४ साली तेथे ‘जेम्स लिंड अलायन्स’ ही योजना सुरू झाली. एखाद्या आजाराचे रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे घरचे लोक आणि उपचार करणारे डॉक्टर एका टेबलाभोवती बसतात आणि अनुत्तरित प्रश्नांतून महत्त्वाचे दहा प्रश्न एकमताने निवडतात. हे दहा प्रश्न मग संशोधकांपुढे व त्यांना पैसा पुरविणाऱ्या संस्थांपुढे ठेवले जातात.

हे स्थान रुग्णांना कोणी आपण होऊन दिले, असे मात्र समजू नये. १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्सग्रस्तांचा एक लहान गट एकत्र आला आणि त्याने एक जाहीरनामा लिहिला. त्याची सुरुवातच शब्दांवरील आक्षेपाने होते. आम्हांला ‘बळी’ म्हणू नका, कारण तो शब्द पराभव सुचवितो. आम्ही एड्स असलेली माणसे आहोत, असा त्याचा आशय होता. आमच्याविषयी निर्णय होतील तेथे आम्ही असू, ही मागणी त्यापाठोपाठ आली. पुढे ११ ऑक्टोबर १९८८ रोजी अमेरिकेच्या औषध-नियंत्रण कार्यालयाला शेकडो निदर्शकांनी वेढा घातला. या चळवळीचे खरे वैशिष्ट्य घोषणांत नव्हते. त्यातील सामान्य माणसांनी रात्र रात्र जागून विषाणुशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची परिभाषा आत्मसात केली. चाचण्यांच्या आराखड्यातील दोष त्यांनी संशोधकांना त्यांच्याच भाषेत दाखवून दिले, आणि काही वर्षांतच सरकारी संशोधन-समित्यांवर त्यांना जागा मिळाल्या. परकी परिभाषा शिकून हक्क मिळविल्याचे हे उदाहरण भाषेच्या प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावे असे आहे.

याच्या उलट मार्गाचे, म्हणजे संशोधकांनी लोकांची भाषा शिकल्याचे उदाहरण आपल्या मराठी मुलखात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेचे काम उभे केले. दवाखाना कसा असावा, हे त्यांनी आदिवासींना विचारले. तेव्हा मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारख्या घरांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी या देवीचे नाव मिळाले. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी केलेला अभ्यास १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ने छापला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. त्यांपैकी पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ज्या दुखण्यांविषयी बायका आपसांतही दबक्या आवाजात बोलत ती या अभ्यासाने जगापुढे मांडली. ‘कानोसा’ हे राणी बंग यांच्या पुस्तकाचे नाव मला त्यामुळेच फार अर्थपूर्ण वाटते. कानोसा घ्यावयाचा तर आधी आपला आवाज थांबवावा लागतो.

त्याच संस्थेने पुढे गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांत त्या बालकांना तपासत, वजन करीत, नोंदी ठेवीत आणि आवश्यक तेव्हा औषधही देत. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. या संशोधनातील कित्येक नोंदी फार न शिकलेल्या स्त्रियांच्या हातच्या होत्या. त्यांच्या टिपणावर कोणी खोडरबर चालविले नाही, म्हणून ते देशाच्या उपयोगी पडले. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात-सेवेचा कार्यक्रम देशभर राबविला गेला, त्यामागे हा अनुभव आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. औषधांच्या चाचण्यांच्या संदर्भात इंदूरचे नाव देशभर गाजले ते अभिमानास्पद कारणाने नव्हे. चाचण्यांत सामील झालेल्यांना पुरेशी माहिती दिली जात नाही, अशा तक्रारी उठल्या. येथील स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेची याचिका २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने संमती घेताना दृक्‌श्राव्य चित्रण करावे, असे निर्देश दिले. २०१९च्या नव्या नियमांनुसार प्रत्येक नीतिसमितीवर एक सामान्य नागरिक असणे आवश्यक आहे.

अशाच एका समितीवर सामान्य नागरिक म्हणून काही वर्षे बसण्याची संधी मला मिळाली. पहिल्याच बैठकीत एक मराठी माहितीपत्रक माझ्या हाती आले. त्यात लिहिले होते : ‘सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.’ मी विचारले, हे कोणाला कळेल? एक तज्ज्ञ हसून म्हणाले, “सर, हे तर तुमचे मराठी आहे!” मी म्हणालो, “हे कोणाचेच मराठी नाही.” त्या जागी आम्ही लिहिले : ‘तुम्हांला कोणते औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरेल; ते डॉक्टरही ठरविणार नाहीत आणि तुम्हीही नाही.’ ‘प्रतिकूल घटना’ या शब्दांच्या जागी ‘औषध घेतल्यानंतर झालेला कोणताही त्रास’ आला. आणखी एक वाक्य मी आग्रहाने घालावयास लावले : ‘संशोधनातून काय निघाले ते तुम्हांला कळविण्यात येईल.’ ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोण होते, हे आपणांस सांगावयास नको. आणि हे मराठीपुरते थांबत नाही. निमाड-झाबुआकडून येणारा रुग्ण निमाडी किंवा भिली बोलतो. त्याला शुद्ध हिंदीतील पत्रकही इंग्रजीइतकेच दूरचे असते.

शब्द बदलल्याने काय होते, असे कोणी विचारील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांची शीर्षके पाहा. २००० साली शीर्षकात मनुष्य हा संशोधनाचा ‘विषय’ होता. २००६ साली तो ‘सहभागी’ झाला, पण संशोधन अजून ‘त्याच्यावर’च होते. २०१७च्या शीर्षकात संशोधन ‘त्याला सामावून घेऊन’ होऊ लागले. जागतिक वैद्यक संघटनेच्या १९६४च्या हेलसिंकी घोषणेतही हाच बदल २०२४ साली करण्यात आला आणि संशोधनाच्या आधी, दरम्यान व नंतर लोकांशी अर्थपूर्ण संवाद ठेवावा, असे तीत आले. एका विभक्तिप्रत्ययाचा प्रवास व्हावयास सतरा वर्षे लागली. एका शब्दाचा व्हावयास साठ. व्याकरण शिकविणाऱ्याला यात आशाही दिसते आणि चिकाटीची गरजही.

या विचारावर आक्षेप नाहीत असे नाही, आणि ते झाकून ठेवणे मोठ्या सरांना आवडले नसते. रुग्णाला आपला त्रास कळतो, त्याचे कारण कळतेच असे नाही. अमुक काढ्याने मला बरे वाटले, हा अनुभव खरा असतो. पण त्यावरून तो काढा गुणकारी ठरत नाही. त्यासाठी तुलना लागते, संख्या लागते, तटस्थता लागते. सावली दक्षिणेला पडली हे त्या मुलाने पाहिले; का पडली हे सांगण्यास मोठे सर लागले. दुसरा आक्षेप असा, की समितीवर येऊन बसणारा रुग्ण बहुधा शिकलेला, शहरी आणि फुरसत असलेला असतो. ज्याची रोजची मजुरी बुडते त्याला बोलावतो कोण? तिसरा धोका दिखाऊपणाचा. खुर्ची द्यावयाची, चहा द्यावयाचा, नाव छापावयाचे, आणि निर्णय मात्र आधीच झालेला असावयाचा. रुग्णसंघटनांना औषध-कंपन्यांनी पैसा पुरविला तर त्यांचा आवाज कोणाचा, हाही प्रश्न आहेच. हे चारही आक्षेप मला मान्य आहेत. परंतु ते भागीदारी अधिक प्रामाणिक करण्यास सांगतात. ती सोडून देण्यास सांगत नाहीत.

या सभागृहात डॉक्टर झालेले माजी विद्यार्थी आहेत, औषधनिर्मितीत असलेले आहेत, आणि वय झाल्यामुळे माझ्यासारखे नियमित रुग्ण झालेले तर पुष्कळच आहेत. पहिल्यांना माझी विनंती आहे, की तुमच्या कागदात एक रकाना कोरा ठेवा, आणि ‘यात न विचारलेले असे काही तुम्हांला सांगावयाचे आहे काय?’ एवढे त्यावर लिहा. दुसऱ्यांना माझी विनंती आहे, की सही करण्यापूर्वी वाचा, न कळले तर आपल्या भाषेत मागा आणि शेवटी काय निघाले हे विचारा. ते विचारणे उद्धटपणाचे नाही. ज्याचा देह त्या कामी लागला तो त्या विद्येचा हिस्सेदार आहे.

पत्नीची ती वही मी अजून जपून ठेवली आहे. ती कोणा संशोधकाला द्यावी, असे अनेकदा मनात आले. पण आता तिचा काय उपयोग, असे म्हणून मी थांबत असे. हे व्याख्यान लिहिताना माझे मत बदलले. आजाराची वर्णने करणारे आपले मराठी शब्द झपाट्याने मागे पडत आहेत. नातवंडांना ‘पेन’ एवढा एकच शब्द ठाऊक आहे. ठणका आणि चमक, कसकस आणि कणकण यांतील भेद ज्याला सांगता येत नाही त्याचे अर्धे दुखणे डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून त्या वहीची एक प्रत मी आज शाळेच्या ग्रंथालयास देत आहे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांकडून असे शब्द विद्यार्थ्यांनी गोळा करावेत आणि त्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहावेत. पुढे कधी तरी एखाद्या संशोधकाला रकाने आखावयाचे असतील, तेव्हा त्याला ते उपयोगी पडतील.

त्या अबोल मुलाचे टिपण मोठ्या सरांनी खोडू दिले नाही, म्हणून आम्हां साऱ्यांना आपले गाव पृथ्वीवर कोठे आहे ते नीट कळले. त्या थोर शिक्षकाच्या स्मृतीस मी विनम्र अभिवादन करतो.